आधी ‘सौभद्र’ की आधी ‘मानापमान’?

संगीत नाटक पहिल्यांदाच बघणाऱ्याला मी ‘सौभद्र’कडे पाठवतो. १८८२ सालचं अण्णासाहेब किर्लोस्करांचं हे नाटक पौराणिक असलं तरी घरगुती आहे: बहिणीचं लग्न, हट्टी बलरामदादा आणि सगळं गुपचूप जुळवून आणणारा कृष्ण. साकी, दिंडी अशा ओळखीच्या चालींतली पदं बोलण्याच्या ओघातच येतात. कृष्णाचं काम करणाऱ्याला गळ्याइतकाच मिश्कीलपणा लागतो. नुसता गवई तिथे उघडा पडतो.

१९११ चं खाडिलकरांचं ‘मानापमान’ वेगळं. गोविंदराव टेंब्यांनी त्यात ठुमरी-दादऱ्याच्या वळणाच्या चाली आणल्या, आणि गाणं नाटकाला पार व्यापून बसलं. नायिका भामिनी म्हणजे बालगंधर्व! पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच त्यांची तान्ही मुलगी गेली, तरी ते उभे राहिले. पुढे १९२१ च्या, दोन नाटक मंडळ्यांनी मिळून केलेल्या ‘संयुक्त मानापमान’मध्ये गायकनट केशवराव भोसले त्यांच्यासमोर नायक धैर्यधर म्हणून आले. गोष्ट मात्र बेताची, आणि ‘वन्स मोअर’ सुरू झाले की तीही अडखळते.

कान तयार असेल तर खुशाल ‘मानापमान’ घ्या. घरच्या पोरांना सोबत नेणार असाल, तर ‘सौभद्र’च.