फ्लोराइड वार्निश: काम चोख, पाटी खोटी

दवाखान्याच्या दारावर मोठ्ठ्या अक्षरांत लिहिलंय, 'फ्लोराइड लावा, प्लाक घालवा'. साफ थाप. प्लाक म्हणजे दातांवर साचणारा जंतूंचा चिकट थर. तो रोजच्या ब्रशनेच निघतो, आणि त्याचं कडक किटण झालं की डॉक्टरकडून क्लीनिंग करून घ्यावं लागतं. फ्लोराइड वार्निशने, म्हणजे दातांवर लावायच्या फ्लोराइडच्या लेपाने, दाताचं वरचं कवच पक्कं होतं. प्लाकमधले जंतू साखरेपासून जे आम्ल बनवतात, त्याला ते लवकर दाद देत नाही. कोवळी कीड असेल तर ती थांबूही शकते. हे सगळं मला आतल्या डॉक्टरबाईंनीच सांगितलं. बाहेरची पाटी त्यांनी वाचली नसावी.

लेक पाच वर्षांची, दुधाच्या दाढांवर खडूसारखे पांढरे डाग. सोबत सासूबाई. त्या यवतमाळ जिल्ह्यातल्या. तिकडे काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त, त्यामुळे दात तपकिरी. त्यांनी थेट विचारलं, "आमच्याकडे जे पाण्यातून काढा म्हणतात, ते इथे पैसे देऊन लावायचं?" बाई अजिबात चिडल्या नाहीत. "आजी, ते पाणी दात आत तयार होत असताना वर्षानुवर्षं रोज पोटात जातं. हे वरून, थेंबभर, सहा महिन्यांनी एकदा." वार्निशमध्ये फ्लोराइड २२,६०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), आपल्या पेस्टमध्ये हजारच्या आसपास. आकडा ऐकून मी दचकले होते, पण लावलं ते खरंच इवलंसं.

दाढा कापसाने पुसल्या, बारीक ब्रशने पिवळसर लेप फिरवला, लाळ लागताच तो घट्ट झाला. पोरगी रडायच्या आत संपलंसुद्धा. फ्लोराइड जेलनेही देतात, पण त्याचे ट्रे चार मिनिटं तोंडात धरावे लागतात आणि लहान मुलं जेल गिळतात, म्हणून सहाच्या आतल्यांना वार्निशच बरं. त्यात राळ असते. तिची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगा. दुसऱ्या सकाळपर्यंत ब्रश बंद, गरम आणि कडक खाणं बंद. रात्री गार दहीभात दिला. दात रात्रभर पिवळे दिसतात, घाबरू नका, सकाळी ब्रश केला की जातं.

डॉक्टरबाईंना पैकीच्या पैकी. काउंटरला मात्र शून्य. बिल करताना तिथला मुलगा 'फॅमिली फ्लोराइड पॅकेज' गळ्यात मारायला बघत होता, सासूबाईंसकट. त्यांना वरखाली कवळी आहे.