विंडोज ७ ‘आहे तसेच’ ठेवून देतो म्हणणाऱ्याकडून झालेली फसवणूक

माझा व्यवसाय डीटीपीचा, म्हणजे संगणकावर छपाईची पाने लावण्याचा, आहे. तासगावात घराच्या पुढच्या खोलीत बसून गेली बावीस वर्षे मी लग्नपत्रिका, हँडबिले, पतसंस्थांचे अहवाल आणि वर्षाकाठी एखादी स्मरणिका लावून देते. हे सर्व काम २०११ मध्ये घेतलेल्या एका संगणकावर चालते. त्यावर ३२ बिटचे विंडोज ७ आहे, पेजमेकर ७ आहे, आणि मागे डोंगल (परवान्याची छोटी किल्लीवजा वस्तू) लावल्याशिवाय न उघडणारे मराठी टंकांचे सॉफ्टवेअर आहे. माझ्याकडच्या आवृत्तीचा डोंगल ६४ बिटच्या नव्या संगणकावर चालत नाही आणि त्यात केलेले मॅटर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना सारख्याच कळणाऱ्या अक्षरसंकेतात, नाही. तीच फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा काला दिसतो. मी जुना संगणक का सोडत नाही, असे विचारणाऱ्यांना मी हे कारण सांगते. आणखी एक कारण मात्र मी सहसा सांगत नाही, आणि फसवणारा नेमका त्याच वाटेने आत आला, म्हणून येथे ते लिहिणे भाग आहे: मला जुन्या पडद्याचा लळा आहे.

या संगणकाच्या आधी माझ्याकडे विंडोज एक्सपी होते. निळी पट्टी, हिरवे ‘स्टार्ट’चे बटण आणि मागे ती हिरवी टेकडी समोर ठेवूनच मी हा धंदा शिकले. ते छायाचित्र चार्ल्स ओ’रिअर यांनी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातील सोनोमा परगण्यात टिपले होते, आणि ती टेकडी एवढी मोकळी व हिरवी दिसली याचे कारण असे, की मुळांना कीड लागल्यामुळे तेथील द्राक्षवेली काढून टाकल्या होत्या. आमच्या तालुक्यात बाग काढावी लागणे म्हणजे काय असते हे मला ठाऊक असल्यामुळे, ही माहिती कळल्यापासून ते चित्र मला अधिकच आपले वाटू लागले. विंडोज ७ वर एक्सपीचे हे रूप मिळत नाही. त्यात जुन्या करड्या खिडक्यांची ‘क्लासिक’ थीम आहे, ती मी बरीच वर्षे वापरली. परंतु निळी पट्टी आणि हिरवे बटण हवे असेल तर बाहेरची थीम आणावी लागते, आणि विंडोज स्वतःची स्वाक्षरी असलेल्या थीमच स्वीकारत असल्यामुळे त्यासाठी काही मूळ सिस्टीम फायली बदलाव्या लागतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये काम कमी होते, तेव्हा मी असा एक संच शोधून उतरवून घेतला. तो झिप फाइलमध्ये होता, ती उघडण्यासाठी ‘१२३४’ हा पासवर्ड शेजारीच दिलेला होता, आणि अँटिव्हायरस तात्पुरता बंद करावा अशी सूचना होती. या दोन्ही गोष्टी मला खटकल्या नाहीत, कारण सिस्टीम फायलींना हात लावणाऱ्या प्रामाणिक साधनांवरही अँटिव्हायरस ओरडतो आणि त्यांचे कर्तेही कित्येकदा हीच सूचना देतात. पासवर्ड लावलेल्या झिपच्या पोटात अँटिव्हायरसला पाहता येत नाही आणि तो पासवर्ड त्यासाठीच होता, हे मला पुढे भाच्याने सांगितले. संचात ‘ब्लिस एचडी डॉट जेपीजी’ नावाची एक फाइल होती (‘ब्लिस’ हे त्या टेकडीच्या चित्राचे नाव). तिच्यावर चित्राचेच चिन्ह असल्यामुळे मी ती चित्र समजून दोनदा क्लिक करून उघडली. तिचे खरे नाव ‘डॉट जेपीजी डॉट एससीआर’ असे संपत होते. विंडोज ओळखीच्या फायलींचे शेपूट आपणहून लपवते म्हणून शेवटचा तुकडा मला दिसला नाही. एससीआर ही स्क्रीनसेव्हरची फाइल असते, आणि स्क्रीनसेव्हर म्हणजे चित्र नव्हे, तो एक चालणारा प्रोग्रॅम असतो.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगते. संच खोटा नव्हता. थीम बसली, पट्टी निळी झाली, टेकडी आली आणि तीन दिवस मी अतिशय खुशीत काम केले. ह्यांनीसुद्धा येता-जाता पाहून ‘जुना संगणक परत आणलास का’ असे विचारले. सांगितलेली वस्तू हातात आली होती, मग शंका येण्याचे कारणच काय?

चौथ्या दिवशी सकाळी पडदाभर निळी सूचना आली. विंडोज ७ चा आधार संपला असून आपला संगणक धोक्यात आहे, असा इंग्रजी मजकूर आणि खाली दूरध्वनी क्रमांक. ही सूचना मी ओळखत होते, हेच माझे दुर्दैव. १४ जानेवारी २०२० रोजी विंडोज ७ चा आधार संपला, म्हणजे त्याला मायक्रोसॉफ्टकडून नेहमीचे सुरक्षा अपडेट मिळणे थांबले, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मायक्रोसॉफ्टने खरोखरच अशी पडदाभर सूचना दाखवायला सुरुवात केली होती. त्या खऱ्या सूचनेत अधिक माहिती घ्या, नंतर आठवण करा आणि पुन्हा आठवण करू नका, एवढेच पर्याय होते, क्रमांक नव्हता. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत दूरध्वनी क्रमांक कधीच नसतो. मला चार वर्षांपूर्वीची सूचना आठवली, पण तिच्यात काय नव्हते ते आठवले नाही.

मी फोन केला. पलीकडचा माणूस हिंदीत सुरू झाला आणि माझा हेल ऐकताच स्वच्छ मराठीत बोलू लागला. “मॅडम, घाबरू नका, फॉरमॅट मारावा लागणार नाही,” हे त्याचे जवळजवळ पहिले वाक्य होते. आमच्या गावात संगणक दुरुस्तीला नेला की प्रत्येक जण आधी फॉरमॅट मारायला, म्हणजे डिस्क पूर्ण पुसायला, सांगतो आणि नवा घ्या म्हणतो; म्हणून हे एक वाक्य ऐकूनच मी निम्मी त्याच्या बाजूची झाले. त्याने एक प्रोग्रॅम उतरवायला लावला, त्यावर दिसणारा आकडा विचारला आणि माझ्या पडद्यावरचा बाण त्याच्या हाताने हलू लागला.

पुढचा अर्धा तास त्याने जे दाखवले ते सर्व माझ्या संगणकात खरोखरच होते, फक्त त्याचा अर्थ त्याने सांगितला तो नव्हता. प्रथम त्याने ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून लाल आणि पिवळ्या खुणांची लांबलचक यादी दाखवली व हे सर्व व्हायरस असल्याचे सांगितले. ती संगणकाची दैनंदिनी असते. प्रिंटर बंद असताना छपाई दिली, एखादी सेवा उशिरा सुरू झाली, की तेथे नोंद होते, आणि अगदी ठणठणीत संगणकातही अशा शेकडो नोंदी सापडतात. नंतर त्याने आज्ञा टंकायच्या काळ्या खिडकीत ‘असोक’ ही आज्ञा देऊन ८८८ डीसीए ६० असा सुरू होणारा एक लांब आकडा शोधला आणि म्हणाला, “हा तुमचा परवाना क्रमांक, तो फक्त तुमच्याकडे आणि आमच्याकडे असतो. मी वाचतो, तुम्ही ताडून पाहा.” त्याने वाचलेले प्रत्येक अक्षर जुळले. तो आकडा माझा नव्हताच. फाइलवर उजवे क्लिक करून ती झिप फोल्डरमध्ये पाठवण्याची जी सोय आहे तिची ती अंतर्गत ओळख, आणि ती प्रत्येक विंडोजमध्ये हुबेहूब तीच असते. अंगावरची खूण सांगितल्याचा आव आणून त्याने प्रत्यक्षात मला दोन डोळे आहेत एवढेच सांगितले होते.

मग त्याने माल विकायला काढला: विंडोज ७ साठी तीन वर्षांचे ‘वाढीव सुरक्षा अपडेट’, किंमत ५,९९९ रुपये, डोंगल चालू राहील, फाइल हलणार नाही, थीमही आहे तशी राहील. वाढीव सुरक्षा अपडेट ही योजना मायक्रोसॉफ्टने खरोखर चालवली होती, पण ती व्यवसाय-संस्थांसाठी होती, घरगुती ग्राहकांसाठी नव्हती, आणि तिचे तिसरे व शेवटचे वर्ष १० जानेवारी २०२३ रोजी संपले. म्हणजे तो मला जे विकत होता ते त्या दिवशी जगात कोणाकडेही विकायला नव्हते. ही एक तारीख मला माहीत असती तर पुढचे काहीच घडले नसते. त्याने मला नवे काहीही घ्यायला सांगितले नाही आणि लोभही दाखवला नाही. जुने तसेच राहील, एवढेच तो विकत होता, आणि मी ते आनंदाने घेतले.

यूपीआयने पैसे पाठवताना नाव एका व्यक्तीचे दिसले, कंपनीचे नव्हे. ‘आमचे अकाउंटंट आहेत’ असे उत्तर मिळाले. त्यानंतर जीएसटीची पावती चुकली, रक्कम परत करून पुन्हा घ्यावी लागेल, असे सांगून त्याने एका पानावर माझ्या डेबिट कार्डाची माहिती भरून घेतली. पडदा मध्येच काळा झाला. ओटीपीचे दोन संदेश आले आणि त्यातले आकडे मी ‘पावतीच्या खात्रीसाठी’ वाचून दाखवले. त्याच संदेशात ओटीपीच्या आधी किती रुपये जाणार ते लिहिलेले होते. रोज प्रुफे वाचणारी बाई मी, पण त्या दिवशी संदेशातले सहा आकडे सोडून एक शब्द वाचला नाही. आधी २४,५०० आणि मग २५,००० रुपये गेले. दुसरा संदेश बँकेकडून रक्कम वजा झाल्याचा आला तेव्हा भानावर येऊन मी इंटरनेटची वायर उपटली आणि संगणक बंद केला.

पुन्हा सुरू केला तेव्हा विंडोजच्या नेहमीच्या पासवर्डच्याही आधी एक छोटी खिडकी उभी राहिली: हा संगणक सुरू करण्यासाठी पासवर्ड आवश्यक आहे. दहा मिनिटांत त्याचाच फोन आला. आवाज तोच होता, ‘मॅडम’ मात्र गळून पडले होते. “आठ हजार टाका, नाहीतर सगळ्या फायली विसरा.” बावीस वर्षांचे मॅटर त्या डब्यात होते, आणि खरे सांगायचे तर मी पैसे टाकायला निघाले होते. ह्यांनी मोबाइल माझ्या हातातून काढून घेतला आणि पुण्याला भाच्याला लावला.

भाचा म्हणाला, “मावशी, संगणकाला हात लावू नकोस आणि आधी १९३० ला फोन कर.” ही सायबर फसवणुकीच्या तक्रारीची सरकारी मदतवाहिनी; चौथ्या प्रयत्नात फोन लागला. पैसे जाऊन तोपर्यंत दीड तास झाला होता. तक्रार क्रमांक मिळाला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर व्यवहारांचे तपशील भरले, बँकेला कार्ड बंद करायला लावले आणि दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. २५,००० रुपये एका वॉलेटमध्ये पुढे सरकण्याआधी गोठवले गेले आणि काही महिन्यांनी न्यायालयाच्या आदेशाने मला परत मिळाले. उरलेले ३०,४९९ रुपये गेले ते गेलेच. बँकेने ते देण्यास नकार दिला, आणि रिझर्व्ह बँकेच्या तेव्हा लागू असलेल्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे तो नकार चुकीचा म्हणता येत नाही: ग्राहकाने स्वतःच ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, कळवल्यानंतरचे बँकेचे.

शनिवारी भाचा आला. त्याने सांगितले की हे कुलूप ‘सिस्की’ नावाच्या विंडोजच्याच एका जुन्या साधनाने घातलेले आहे. फसवणारे त्याचा असाच उपयोग करतात म्हणून मायक्रोसॉफ्टने ते २०१७ मध्ये विंडोज १० मधून काढून टाकले; विंडोज ७ आणि एक्सपीमध्ये ते अजून आहे. त्या कुलपाने दार अडते, आतल्या फायलींना काही होत नाही, हे ऐकून मला प्रथमच नीट श्वास घेता आला. त्याने पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली) सुरू करून माझ्या सर्व फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या. मग विंडोज ७ आपल्या रजिस्ट्रीची, म्हणजे सेटिंगांच्या नोंदवहीची, प्रत अधूनमधून ज्या ‘रेगबॅक’ फोल्डरमध्ये ठेवते, तेथली पंधरवड्यापूर्वीची प्रत जागेवर ठेवली. खिडकी गेली. पासवर्ड विकत घेतला असता तर तो माणूस पुन्हा आत आला असता, एवढे बोलून त्याने फायली बाहेर काढल्याची खात्री करून डिस्क पुसून टाकली आणि विंडोज ७, पेजमेकर व टंक नव्याने बसवून दिले. म्हणजे फॉरमॅट शेवटी मारावाच लागला.

आता त्या संगणकाला इंटरनेट नाही. क्रोमची विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती १०९ होती, तेव्हा तेथून इंटरनेट पाहण्यात तसाही अर्थ उरलेला नव्हता. ईमेल आणि ग्राहकांचे पेनड्राइव्ह मी एका जुन्या लॅपटॉपवर उघडते, त्यावर लिनक्स आहे, आणि तेथून फाइल तपासून मगच इकडे आणते. फोल्डरच्या पर्यायांत जाऊन ‘ओळखीच्या फायलींचे शेपूट लपवा’ ही खूण काढून टाकली आहे. चित्र म्हणून आलेल्या फाइलपुढे एससीआर किंवा ईएक्सई (हीसुद्धा प्रोग्रॅमचीच फाइल) दिसले तर ती उघडायची नाही. पूर्ण झालेल्या स्मरणिकांचे मॅटर थोडे थोडे युनिकोडमध्ये बदलून घेते आहे. जोडाक्षरे आणि रफार हाताने दुरुस्त करावे लागतात, त्यामुळे दिवसाला दहा-बारा पानेच होतात.

जून महिन्यात दुसऱ्याच क्रमांकावरून एका बाईंचा फोन आला. माझे नाव, संगणकाचे विंडोज आणि ५,९९९ हा आकडा त्यांना ठाऊक होता. कंपनी बंद होत असून रक्कम परत द्यायची आहे, लॅपटॉप सुरू करा, असे त्या म्हणत होत्या. मी तो क्रमांक लिहून घेतला, फोन ठेवला आणि जुन्याच तक्रार क्रमांकाचा हवाला देऊन पोलीस ठाण्यात कळवला. संगणकावर सध्या करडी ‘क्लासिक’ थीम आहे. टेकडीचे चित्र भाच्याने साध्या जेपीजीच्या रूपात, शेपूट दाखवून, लावून दिले आहे.