रत्नागिरीतील डायलिसिस केंद्र : पहिल्या दोन सत्रांचा अनुभव

वडिलांचे पहिले हिमोडायलिसिस ठरले तेव्हा त्यांच्या रक्तातील सोडियम लिटरला ११८ मिलिमोल होते. ते १३५ ते १४५ असायला हवे. डायलिसिसच्या नेहमीच्या द्रावणात सोडियम १३८ ते १४० च्या आसपास असल्यामुळे पूर्ण चार तासांच्या सत्रात ही पातळी झपाट्याने चढते, आणि अशा एकदम चढण्याने मेंदूतील चेतातंतूंच्या आवरणाला कायमची इजा होऊ शकते, हे डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे आकृती काढून समजावले. चोवीस तासांत आठच्या वर वाढ होऊ द्यायची नाही, असे ठरवून त्यांनी द्रावणातील सोडियम १३० वर आणले, रक्ताचा प्रवाह मिनिटाला केवळ ५० मिलिलिटर ठेवला आणि दोन तासांनी यंत्र थांबवले. तेव्हा सोडियम १२२ होते. दुसरे सत्रही असेच बेताने झाले.

दर तासाचा नमुना खालच्या मजल्यावरील प्रयोगशाळेत आम्हालाच न्यावा लागला, हे मात्र तातडीने सुधारायला हवे.

“तात्या, पेजेचे पाणी आणि सोलकढीसुद्धा दिवसाच्या पाण्यात मोजायची हं,” असे सिस्टरांनी निघताना बजावले. घरी आता मापाचा पेला वेगळा ठेवला आहे.