कण बाहेर बांधावेत की पेशीतच जुळू द्यावेत?

पेशींचे चित्रण आणि त्यांवरचा उपचार एकाच प्रतिदीप्त (प्रकाश पडताच स्वतः चमकणाऱ्या) पदार्थाकडून करून घ्यायचे असतील, तर आज दोन वाटा समोर येतात. पहिलीत टेट्राफेनिलइथिलीनसारखे रेणू बाहेरच एकत्र आणून, वर पॉलिमरचे आवरण देऊन, तयार नॅनोकण पेशींना दिले जातात; दुसरीत फॉस्फेट गटामुळे विरघळलेला राहणारा लहान पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) दिला जातो आणि अल्कलाइन फॉस्फेटेज या एन्झाइमने तो गट काढला की त्याचे रेणू आपसांत जुळून तंतू बनतात. बडोद्यातील आमच्या प्रयोगशाळेत मी दोन्ही हाताळले आहेत.

तयार कणांची बाजू भक्कम आहे. नेहमीची रंगद्रव्ये दाटीने बसली की त्यांची चमक मंदावते. बेन झोंग तांग यांच्या गटाने 2001 मध्ये सिलोल या सिलिकॉनयुक्त वलयाच्या रेणूंत याच्या उलट घडताना दाखवले. रेणू एकत्र आल्यावर त्यांतील वलयांचे फिरणे अडते आणि ऊर्जा उष्णतेऐवजी प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. त्यामुळे पेशींचा बराच काळ मागोवा घ्यायचा असेल, तर हेच कण घ्यावेत असे मला वाटते.

मला मात्र धुण्याने जेरीस आणले. हे कण पेशीबाहेरही तितकेच चमकतात, म्हणून चित्र घेण्यापूर्वी बफरने पुन्हा पुन्हा धुवावे लागते; आणि औषध लागू पडून मरू लागलेल्या हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या कर्करोगाच्या पेशी) गोल होऊन तळाची पकड सोडत असल्यामुळे नेमक्या त्याच वाहून जातात. मागे उरतात त्या धडधाकट पेशी, आणि उपचार निष्प्रभ ठरल्यासारखा दिसतो. उपचार तपासायला बसलेल्या माणसाला याहून मोठी अडचण कोणती असणार?

दुसऱ्या वाटेतला, एनबीडी हे प्रतिदीप्त रंगद्रव्य जोडलेला पेप्टाइड पाण्यात विरघळलेला असताना फिका असतो आणि तंतूंत पाण्यापासून दूर गेल्यावर उजळतो, त्यामुळे न धुताही चित्र वाचता येते आणि सुटलेल्या पेशीही मोजता येतात. एनबीडी लेसरखाली लवकर विटते, पेप्टाइडची मात्रा बरीच जास्त लागते आणि ज्या पेशींत हे एन्झाइम कमी आहे तेथे जुळणी नीट होत नाही, हे मान्यच आहे. तरीही उपचाराचा परिणाम पाहायचा असेल, तर माझा कल याच वाटेकडे राहील. फक्त पेशी वाढवण्याच्या द्रवातील सीरममध्येही फॉस्फेटेज असते, म्हणून पेशींविना एक नमुना ठेवावा आणि हेला पेशींतील हे एन्झाइम एल-फेनिलॲलानिनने रोखल्यावर चमक खरोखर घटते का, हे आधी पाहावे.