सोलापूरच्या गच्चीसाठी कुंडी: माती, प्लास्टिक की सिमेंट?

मातीची कुंडी सर्वांत चांगली, असं कुणालाही विचारलं तरी सांगतात. सोलापुरात ते अर्धंच खरं आहे. मातीच्या भिंतीतून ओल बाहेर झिरपून वाळते, म्हणून मुळं गार राहतात आणि त्यांना हवाही मिळते. पण मे महिन्यात पारा 42च्या पुढे असताना 8 इंची कुंडी सकाळी भिजवली, तरी संध्याकाळपर्यंत खडखडीत होते. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात हे परवडत नाही. गच्चीवर मातीची ठेवायची तर किमान 12 इंची घ्या. मोगरा, गुलाब, तुळस तिच्यात मस्त येतात.

घेताना बोटाच्या पेरानं वाजवून बघा. खणखणीत वाजली तर भाजणी नीट आहे. बद्द वाजली तर कच्ची किंवा तडकलेली. भिंतीत चुनखडीचे पांढरे खडे दिसले तर सोडून द्या, ओल लागली की ते फुगतात आणि टवके उडतात. मोठं पोट नि अरुंद तोंड असा घाट दिसायला देखणा, पण माती बदलताना कुंडी फोडावी लागते.

नवी कुंडी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. तळाच्या भोकावर खापरीचा एकच तुकडा पालथा पुरे. खडीचा थर दिला तर पाणी वरच्या मातीतच अडतं आणि चिखल मुळांच्या आणखी जवळ येतो. नुसती काळी माती तर नकोच. वाळली की ती आकसते, कडेला फट पडते आणि घातलेलं पाणी मुळं न भिजवताच खाली निघून जातं. 2 भाग माती, 1 भाग कुजलेलं शेणखत, 1 भाग जाड वाळू घ्या. बोअरच्या पाण्यानं बाहेरून पांढरे क्षार येतात, ते ब्रशनं घासून काढा.

प्लास्टिक ओल धरून ठेवतं, म्हणून घरातल्या मनीप्लांटला चांगलं. गच्चीवर मात्र काळा रंग टाळा. कडेची मुळं अक्षरशः भाजतात. पांढरी, जाड भिंतीची घ्या. पातळ कुंडी उन्हानं ठिसूळ होते आणि उचलताना काठ हातात येतो.

सिमेंटची कुंडी बोगनवेलीला ठीक, वाऱ्यानं कलंडत नाही. मात्र नवीतून चुना सुटतो. त्यानं जास्वंद, मोगऱ्याची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. भोक बंद करून 8-10 दिवस पाणी भरून ठेवा, रोज बदला, मगच रोप लावा.

चिनी मातीच्या कुंडीला भोक नसेल तर रोप तिच्यात थेट लावू नका. प्लास्टिकच्या कुंडीसकट आत ठेवा. पाणी घातल्यावर अर्ध्या तासानं तळाशी साचलेलं ओतून टाका. मुळं तर कुजतातच, शिवाय डेंग्यूचे डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतात.