हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) कोटिंगवाला डायलिसिस कॅथेटर, ४ स्टार

बाबांना आधी साधा पॉलियुरेथेनचा होता, सारखी एक लाइन जाम, मशीनचा अलार्म आणि आमची धावपळ. मग हा टाकला. प्लास्टिकला रक्त लागलं की काही सेकंदांत फायब्रिनोजेनसारखी प्रोटीन्स चिकटतात, त्यावर प्लेटलेट्स बसतात आणि गुठळी सुरू, कोटिंग तिथेच आडवं येतं. दिसायला दोन्ही नळ्या सेम हं, पण अलार्म बराच कमी झालाय. लॉक सोल्युशन (दोन डायलिसिसच्या मधे नळी जाम होऊ नये म्हणून तिच्यात भरून ठेवतात ते द्रावण) मात्र भरावंच लागतं. कंपनीच्या पत्रकात कोटिंग केमिकल बाँडने पक्कं जोडलंय की वरवर बसवलंय हे लिहिलेलंच नाही, वरवरचं असेल तर हळूहळू रक्तात धुऊन जातं ना, म्हणून एक स्टार कापला. हेपरिनमुळे प्लेटलेट्स पडल्याची हिस्ट्री असेल तर याच्या वाटेला जाऊच नका.