तीस दिवसांचं लेखन-आव्हान की कथास्पर्धा?

इंदूरमध्ये मराठी कथा लिहू पाहणाऱ्याची खरी अडचण सरावाची असते: शाळा हिंदीत, बाजार हिंदीत, मराठी उरते घरापुरती. म्हणून आधी आव्हान, मग स्पर्धा, हा क्रम बरा.

आव्हानात फक्त रोजच्या शब्दांचा आकडा बघायचा. १९९९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या आणि २०२५ मध्ये बंद पडलेल्या ‘नॅनोरायमो’ या कादंबरी-लेखनाच्या आव्हानाचं लक्ष्य होतं नोव्हेंबरच्या ३० दिवसांत ५०,००० शब्द, म्हणजे रोज सुमारे १,६६७. नोकरी सांभाळून हे झेपणं कठीण. रोज ३०० धरले तरी महिन्याला ९,००० होतात, तेही थोडे नाहीत. गाडी अडते ती कालचा मजकूर दुरुस्त करत बसल्यामुळे.

स्पर्धेत नेमकं उलट, तिथे कापायचं. मर्यादा २,००० शब्दांची असेल तर पहिला खर्डा २,५०० पर्यंत जाऊ द्या, आठवडाभर बाजूला ठेवा, मग पहिला परिच्छेद उडवून पाहा. कथा बहुधा दुसऱ्यातच सुरू झालेली असते. ‘तो येऊन राहिला आहे’ हे इंदुरी वळण संवादात जरूर ठेवा. निवेदनात शिरलं, तर परीक्षकाला ती चूकच वाटणार. टंकन युनिकोडमध्येच हवं. कृतिदेव या जुन्या देवनागरी फाँटमधली फाइल तो फाँट नसलेल्या संगणकावर नुसती अगम्य अक्षरं दाखवते.

आणि एक मेख: बहुतेक स्पर्धांना कथा अप्रकाशित लागते. आव्हानातली कथा रोज फेसबुकवर टाकलीत, तर ती प्रकाशित धरली जाऊ शकते. स्पर्धेसाठी राखलेली वहीतच ठेवा.